अर्धी राहिलेली दुसरी रिंग

घरी इंटरनेटवर चालणारा फोन घ्यावा की नाही, असं कोणी विचारलं की मी वकिलासारखी दोन्ही बाजू मांडते. ऑफिसात माझी ही ख्यातीच झाली आहे. आवाज स्वच्छ येतो, जुना नंबर तसाच ठेवता येतो, कितीही वेळ बोला कोणी विचारत नाही, आणि वायर तांब्याची नसल्यामुळे चोर ती रात्रीतून कापून नेत नाहीत. ही झाली एक बाजू. दुसरी अशी, की लाइट गेली की फोन गेला. जुन्या फोनला घरातली वीज लागतच नसे. त्याच्या तारेतून एक्स्चेंजमधला हलका करंट यायचा आणि अख्खं गाव अंधारात असलं तरी तो जिवंत असायचा. नव्या फोनचा जीव भिंतीवरच्या डब्यात आणि डब्याचा जीव बटणात. शिवाय खांबावरून येणारी ती बारीक काळी वायर वानरांना झोका घ्यायला फार आवडते. एवढं सांगून झालं की समोरचा विचारतो, "तुमच्याकडे आहे ना मॅडम? तुमचा काय अनुभव?" मी म्हणते, ठीक आहे.

एक गोष्ट मी सांगत नाही. ती फायद्यात धरायची की तोट्यात, हे मला अजून ठरवता आलेलं नाही.

भंडाऱ्यातून गोंदिया वेगळा झाला, त्यानंतर वर्ष-दोन वर्षांत आमच्या गावात घरोघरी फोन आले. अर्धा जिल्हा दिला तेव्हा कुठं फोन मिळाला, असं बाबा म्हणायचे. बाबा वरठीच्या स्टील प्लांटमध्ये फिटर होते. गाव वरठी-मोहाडी रस्त्याच्या आतल्या अंगाला, त्यामुळे येणं-जाणं सायकलनं. कालव्याच्या पाळीनं आलं की अंतर कमी व्हायचं. फोन घरात आला आणि बाबांनी पहिल्याच आठवड्यात त्याचा उपयोग शोधून काढला. प्लांटच्या गेटासमोर एक पानठेला होता आणि त्याला लाल रंगाचा, नाणं टाकायचा फोन टांगलेला होता. समोरच्यानं फोन उचलला तरच त्यात रुपया टाकावा लागायचा. उचललाच नाही तर रुपया खिशात. बाबा शिफ्ट सुटली की तिथून घरी फोन लावायचे आणि दोन रिंगा झाल्या की ठेवून द्यायचे. दोन रिंगा म्हणजे निघालो, भात टाका. तीन रिंगा म्हणजे ओव्हरटाइम लागला, वाट पाहू नका, जेवून घ्या. फुकट वाजवतात म्हणून पानठेलेवाल्यानं कधी तोंड वाकडं केलं नाही, कारण बाबांचा तंबाखू-सुपारीचा खर्रा रोज त्याच्याकडचाच असायचा.

तशा मिस्ड कॉलच्या खुणा त्या काळात घरोघरी होत्या. आमच्या घरात मात्र त्यावर स्वयंपाक चालायचा. बाबांना गरम भात लागायचा, गार भाताला ते हात लावत नसत. आई गंजात, म्हणजे भाताच्या पातेल्यात, आधण तयार ठेवायची आणि गॅस बारीक करून बसायची. रिंग वाजली की तांदूळ आत. बाबांची सायकल दारात लागायला आणि भाताला वाफ धरायला एकच गाठ पडायची. आणि रिंगही कशी, पहिली पूर्ण, दुसरी अर्धी. बाबांना धीर नव्हता. दुसरी वाजायला लागली की त्यांचा हात खाली यायचाच. ती अर्धी रिंग ऐकून आई रोज तेच म्हणायची, "घाईच हाये या माणसाले."

त्या संध्याकाळी मी घरी होते. भंडाऱ्याच्या कॉलेजात शेवटचं वर्ष चालू होतं. फोन वाजला, पहिली पूर्ण, दुसरी अर्धी. आईनं तांदूळ टाकले. भात झाला, आईनं गंज उतरवून ठेवला, लाखोरीच्या डाळीचं वरण घोटलं, कांदा चिरला. मग आम्ही दोघी समोरच्या सपरीत, ओसरीवर, येऊन बसलो. अंधार पडला. आई मधूनमधून आत जाऊन गंजावरचं झाकण उचलून पाहायची आणि परत ठेवायची. भात काही पळून जाणार नव्हता. तिला दुसरं करण्यासारखं काही नव्हतं, एवढंच.

बाबा कालव्याच्या पाळीवर सापडले. पळसाच्या झाडाला टेकून बसले होते. डॉक्टर म्हणाले, हार्टचं होतं, काही कळलंही नसेल. मला ते पटतं, पण एक गोष्ट मी विसरू शकत नाही. सायकल स्टँडवर लावलेली होती. नीट लावलेली, कुलूपसुद्धा घातलेलं. चावी त्यांच्या मुठीत होती.

आमच्या घरात भुतंखेतं चालत नाहीत. आजोबांनी नागपूरला जाऊन धम्म स्वीकारला, तेव्हा देव्हाऱ्यातले देव, अंगारे-धुपारे आणि चिंचेवरची हडळ या सगळ्यांना त्यांनी एकाच दिवशी घराबाहेर काढलं होतं. मी त्या वळणावर वाढले. आईसुद्धा. बाबांच्या पुण्यानुमोदनाच्या दिवशी एका लांबच्या नातेवाईक बाईनं आत्म्याचं काहीतरी काढलं, तेव्हा आईनंच तिला गप्प केलं होतं. म्हणून पुढचं जे सांगते आहे ते माझ्या जिवावर येतं. बाबा असते तर त्यांनी मला हसून घालवलं असतं.

मी नोकरीला लागले, लग्न करून नागपूरला गेले. आई एकटी राहिली. माझ्याकडे चल म्हटलं की तिचं एकच उत्तर, "तिथं का करू मी?" पुढं तिला साखरेचा त्रास सुरू झाला. संध्याकाळची गोळी जेवून घ्यायची असते. आणि आईनं बाबांमागं संध्याकाळचं जेवणच सोडलं होतं. कोणी विचारलं तर जेवली म्हणायची. खरं म्हणजे मूठभर मुरमुरे खाऊन गोळी घ्यायची. एकदा साखर इतकी उतरली की ती मागच्या वाडीत विहिरीजवळ पडली. शेजारच्या काकूंनी पाहिलं म्हणून निभावलं. डॉक्टरांनी मला खडसावून सांगितलं की ही बाई संध्याकाळी जेवली नाही तर एक दिवस अशीच जाईल. तेव्हापासून माझ्या जिवाला तो एकच घोर. मी दूर, ती एकटी, आणि आमच्यामध्ये एक फोन.

मोबाईल तिला घेऊन दिला होता. तो कपाटात, लुगड्यांच्या खाली, बंद. काचेवर बोट फिरवायचं तिला जमत नव्हतं, आणि घरात नेटवर्कही नव्हतं. तिचा भरवसा जुन्या फोनवर. तेवढ्यात रस्ता रुंद करायला जेसीबी आली आणि फोनची तांब्याची केबल खणून निघाली. मी एक्स्चेंजमध्ये जाऊन भांडले. तिथल्या साहेबांनी शांतपणे सांगितलं की आता तांब्याचं काम कोणी करत नाही, फायबर घ्या, नंबर तोच राहील. मी चडफडत अर्ज केला. मग डबा आला, भिंतीवर बसला, त्याला हिरवे दिवे लागले आणि आईचा जुनाच फोन त्या डब्याला जोडला गेला.

पहिल्यांदा बोललो तेव्हाच मला काहीतरी खटकलं. आवाज इतका स्वच्छ की आई माझ्या शेजारी बसल्यासारखी. पण ती बोलायची थांबली की काहीच नाही. जुन्या फोनमध्ये मागं सतत एक खरखर असायची, वाऱ्यासारखी, त्यामुळे माणूस गप्प असला तरी पलीकडे आहे हे कळायचं. नव्या फोनमध्ये दोन वाक्यांच्या मधली जागा पार रिकामी. मी दर वेळी घाबरून "हॅलो, आहेस का?" म्हणायची आणि ती चिडून म्हणायची, "कुठं जाऊन राहिली मी?"

त्यानंतरच्या महिन्यात आईची साखर सुधारली. पुढच्या महिन्यात आणखी. तिचा आवाज भरला होता. मी खूश झाले आणि नेहमीप्रमाणे श्रेय स्वतःकडे घेतलं, माझ्या रोजच्या कटकटीला फळ आलं म्हणून. मग एक दिवस शेजारच्या काकूंचा फोन आला. इकडचं तिकडचं बोलून झाल्यावर त्यांनी आवाज खाली आणला.

"बाई, तुयी माय रोज दोघाईचा भात टाकून राहिली."

मी म्हटलं, असू दे, सकाळी खात असेल. काकू म्हणाल्या की सकाळी उरलेला भात त्यांच्याच कोंबड्यांना येतो, आणि तसं नाही, ताटंही दोन असतात. मी शनिवारी गावाला गेले.

आईनं काही सांगितलं नाही, मीही विचारलं नाही. संध्याकाळी लाइट गेली. आमच्या बाजूच्या फीडरला त्या दिवसांत रोजच कात्री लागायची, दिवस मावळायच्या आधी जायची आणि दिवेलागणीला यायची. आईनं चिमणी लावली नाही. गंजात पाणी ठेवलं, गॅस बारीक केला, तांदूळ धुऊन परातीत ठेवले आणि गॅसपाशी पाटावर बसली. तिचा चेहरा मला दिसत नव्हता. बाहेर बोडीच्या पाण्यातले बेडूक ओरडत होते. मी बोलायला तोंड उघडलं तर तिनं हात वर करून मला थांबवलं. तेवढ्यात लाइट आली. पंखा फिरायला लागला, बल्ब लागला, आणि काही क्षणांनी सपरीतला फोन वाजला.

पहिली रिंग पूर्ण वाजली. दुसरी अर्धी.

आईनं तांदूळ आधणात सोडले. सगळ्या जगात यापेक्षा साधी गोष्ट नाही असे सोडले. मी भिंतीला धरून उभी होते. मी स्वतःला सांगत होते की काहीतरी कारण असेल, याला कारण असतंच. आणि मग माझं माझ्या हातांकडे लक्ष गेलं. मी मांडणीतून ताटं काढत होते. तीन.

आम्ही जेवलो. दोघीच. तिसऱ्या ताटावर आईनं शांतपणे दुसरं ताट पालथं घातलं आणि मला म्हणाली की वरण आणखी घे. आई त्या दिवशी पोटभर जेवली.

दुसऱ्या दिवशी दुपारी आई मागच्या वाडीत वांग्यांना पाणी घालत होती, तेव्हा मी डब्यासमोर जाऊन उभी राहिले. बटण बंद केलं. दिवे विझले. बटण चालू केलं. दिवे एकेक करून लागले, शेवटचा लागला आणि फोन वाजला. पहिली पूर्ण, दुसरी अर्धी. बस, एवढंच होतं. डबा नव्यानं सुरू झाला की घंटी वाजते की नाही ते तपासून पाहत होता. पुढं कंपनीच्या माणसाला विचारलं तर तो जांभई देत म्हणाला, काही डबे करतात तसं. मला हायसं वाटलं. डोळ्यांत पाणी आलं इतकं हायसं वाटलं.

मी वळले तर दारात आई उभी होती. हातातली बादली तशीच, पाय चिखलाचे. ती माझ्याकडे पाहत नव्हती. बाहेरच्या फाटकाकडे पाहत होती.

"आज इतक्या लवकर?" ती म्हणाली.

तेव्हाच सांगायला हवं होतं असं कोणी म्हणेल. ज्यानं तो चेहरा पाहिला नाही त्यानं खुशाल म्हणावं. आई थोडा वेळ उभी राहिली, मग बादली घेऊन परत गेली. परतीच्या बसमध्ये मी हिशेब मांडत होते. आई जेवते आहे. साखर ताब्यात आहे. बाबा हयात असताना घातलेलं वळण तिला अजून जगवतं आहे, आणि त्यासाठी एका डब्यानं रोज संध्याकाळी चुकून वाजलं तर माझं काय गेलं? ही बाजू मला पटली. मी गप्प बसले.

पावसाळ्यात वादळ आलं. मोहाडीच्या पुढचे विजेचे खांब आडवे झाले आणि दोन दिवस लाइट नाही. फोन लावला की एक बाई गोड आवाजात सांगायची की हा नंबर सध्या उपलब्ध नाही. जुना फोन असता तर वाजला असता. मी काकूंना लावला, त्यांचाही मोबाईल बंद. मला विहिरीजवळची जागा दिसायला लागली. रजा टाकून निघाले. आई सपरीत बसून तांदूळ निवडत होती. धडधाकट दिसत होती, पण उठताना तिचा तोल गेला. मी हात धरला तर तो गार आणि ओला होता. संध्याकाळी काय खाल्लंस, मी विचारलं.

"वाजलाच नाही ना," ती म्हणाली.

मी तिला साखर-पाणी पाजलं. राग कोणाचा करावा ते कळत नव्हतं. बाबांचा, डब्याचा, वीजवाल्यांचा, की या हट्टी बाईचा. पण एवढं कळलं की आपला सगळा डोलारा कशावर उभा आहे. लाइट गेली की मला ती सापडत नाही, आणि लाइट येईस्तोवर ती जेवत नाही. मी त्याच दिवशी भंडाऱ्याला जाऊन डब्याला लावायची छोटी बॅटरी आणली. ही लावली की लाइट गेली तरी फोन बंद पडणार नाही, मी आईला सांगितलं. ती बॅटरीकडे बराच वेळ पाहत होती. मग म्हणाली, लाव.

बॅटरी लागली. डबा आता कधी बंदच पडत नव्हता, त्यामुळे नव्यानं सुरूही होत नव्हता, आणि हे बॅटरी आणताना मला सुचलंच नव्हतं. लाइट जायची, यायची. फोन गप्प.

आईनं एका शब्दानं तक्रार केली नाही. मी फोन केला की जेवले म्हणायची, आणि त्या स्वच्छ आवाजात मला तिचं खोटं अगदी नीट ऐकू यायचं. पुढच्या तपासणीत डॉक्टरांनी कागद माझ्यापुढं सरकवला, साखर पुन्हा बिघडली होती. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मी ऑफिसातून बाहेर पडले, झाडाखाली उभी राहिले आणि घरचा नंबर लावला. दोन रिंगा पूर्ण होऊ दिल्या. कट केला.

रात्री नेहमीसारखा फोन केला तेव्हा आई म्हणाली, आज गरम भात केला.

तेव्हापासून ते माझं रोजचं काम झालं. मी मीटिंग सोडून बाहेर आले आहे, लग्नाच्या पंगतीतून उठले आहे. मेलेल्या माणसाची ड्यूटी मी करत होते. नवऱ्याला सांगितलं तर तो म्हणाला, हे काही बरं नाही. मलाही ते बरं वाटत नव्हतं. कधीकधी कट करायच्या आधी माझ्या मनात यायचं की आत्ता आईनं फोन उचलला तर मी काय बोलणार, कोणाच्या आवाजात बोलणार. पण तिनं कधी उचलला नाही. साखर परत ताब्यात आली, ती भात टाकत राहिली, मी वाजवत राहिले.

मग ऑफिसच्या कामानं मला गडचिरोलीला जावं लागलं. परत यायला दुपारीच निघाले होते, संध्याकाळच्या आत नागपूरला पोचायचं होतं. नागभीडच्या अलीकडे जंगलात बस बंद पडली. मोबाईलवर नेटवर्कची एक काडी नाही. ड्रायव्हर खाली वाकून काहीतरी ठोकत होता, लोक रस्त्यावर पाय मोकळे करत होते, आणि मी हात वर करून नेटवर्क शोधत सागांच्या मधून फिरत होते. कंडक्टर म्हणाला, मॅडम, आत जाऊ नका. ऊन उतरलं, मग अंधारलं. भात टाकायची वेळ टळून गेली. आधण आटलं असेल, तिनं पुन्हा पाणी घातलं असेल, झाकण उचलून पाहत असेल. मला त्या झाकणाचा आवाज ऐकू येत होता. ती जेवणार नाही, गोळी मात्र घेईल, कारण गोळीची शिस्त तिनं पाळलीच असती. मी रस्त्याच्या कडेला बसून रडले. लोकांनी पाहिलं तर पाहू दे.

दुसरी बस आली, तिनं आम्हाला घेतलं. भिवापूरजवळ मोबाईलवर काड्या उमटल्या आणि मी लगेच नंबर लावला. आता दोन रिंगांचं नाटक नव्हतं करायचं, तिनं उचलायला हवा होता. तिनं उचलला. मी विचारायच्या आधीच म्हणाली की जेवण झालं.

माझा विश्वास बसला नाही. भात केला होतास का, मी विचारलं.

"नाही. सकाळचाच होता, थोच खाल्ला. आज तीन वाजल्या."

मी मोबाईल कानाला दाबून धरला. बसमध्ये कोणीतरी गाणी लावली होती. लाइट गेली होती का, मी विचारलं. नाही, ती म्हणाली, आज लाइट गेलीच नाही. मग ती थांबली आणि आमच्यामध्ये ती रिकामी जागा आली, ज्यात काहीच ऐकू येत नाही. मी हॅलो म्हणणार, तेवढ्यात ती बोलली.

"इतके दिवस दोन तूच वाजवत होती. मले मालूम हाये. तुये बाबा दुसरी पुरी वाजू नाही देत. तू देते."

ती रागावलेली नव्हती. मी शाळेतून चुकीचा डबा घरी आणला तर ज्या आवाजात विचारायची त्याच आवाजात तिनं पुढं विचारलं.

"मंग आजच्या तीन बी तूच वाजवल्या का?"

हो म्हणणं सोपं होतं. माझ्या डोक्यात कारणांची रांग लागली होती. कोणाचा तरी चुकून लागलेला नंबर. कर्ज घ्या म्हणणाऱ्या कंपन्या असंच वाजवून ठेवतात. बॅटरी सैल झाली असेल, डब्यानं आणखी काही नवीन काढलं असेल. पण डबा तीन कधी वाजला नव्हता, आणि तीन म्हणजे वाट पाहू नका, जेवून घ्या, हे जगात आम्हा दोघींशिवाय कोणाला माहीत नव्हतं. मी हो म्हटलं असतं तर एवढंच झालं असतं की मुलगी म्हणाली, जेवून घे. मुलगी ते रोजच म्हणत होती. त्यानं आई कधी जेवली नव्हती.

"नाही," मी म्हटलं. "मी जंगलात होते, आई. फोन लागतच नव्हता."

पलीकडे काही नाही. श्वासही नाही. मी हॅलो म्हटलं नाही, पहिल्यांदाच. ती तिथं आहे हे मला माहीत होतं.

"किती वर्सं लावले त्यायनं सांगाले," आई म्हणाली.

मग गोळी घ्यायची राहिली आहे म्हणून तिनं फोन ठेवला.